शिकाऊ उजवा हात

वडगावात विणकरांच्या गल्लीत एक रीत होती. ज्या हातानं लुगडं सुरू केलं त्याच हातानं ते संपवायचं. मधेच दुसरं माणूस मागावर बसलं तर कापड ते लपवत नाही. ठोका प्रत्येकाचा निराळा असतो, एकाचा घट्ट तर एकाचा सैल. जिथं हात बदलला तिथं आडवा पट्टा पडतो, आणि लुगडं उजेडाकडं धरलं की तो दिसतोच. म्हणून घरात मयत झालं तरी मेलेल्याचं अर्धं लुगडं कुणी पुरं करत नसे. विणलं होतं तेवढं कापून बाजूला ठेवत.

पंचाहत्तर साली भीमसेन काविळीनं गेला तेव्हा त्याच्या मागावर साडेचार वार लुगडं होतं. त्याच्या बायकोनं, सत्यवतीनं, बाराव्यानंतर ते कापून घेतलं, घडी करून ट्रंकेत ठेवलं आणि उरलेल्या ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, स्वतःच विणायला बसली. गल्लीला हे रुचलं नाही. बायकांनी कांड्या भराव्यात, सूत उकलावं, खळ लावावी. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणं हे पुरुषाचं काम. पण सत्यवती गुंजीची. बाप रेल्वेत गँगमन, घर जंगलाला लागून. लोक काय म्हणतील हे तिकडं फार दुरून ऐकू यायचं. सासू शेवंताबाई एवढंच म्हणाली, "बस. खड्ड्याला काय बाई-बापय कळतंय?"

तीन वर्षांत तिचा हात बसला. उजव्या हातानं दोरीला झटका द्यायचा की धोटा सुसाट पलीकडं जातो. लगेच डाव्या हातानं हात्या, म्हणजे फणी बसवलेली ती जड लाकडी चौकट, पुढं ओढून ठोका द्यायचा. पाय खाली पावड्या दाबत राहतात. झटका उजव्याचा, ठोका डाव्याचा. कापडाचा पोत ठरवतो तो डावा. खडेबाजारातले देवाप्पा, ज्यांच्या दुकानातून ताणा यायचा आणि ज्यांच्याकडं लुगडी जायची, ते तिच्या कापडावरून तळवा फिरवून म्हणायचे, "सत्यव्वा, तुझा डावा हात म्हंजे लई शांत मानूस."

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत, संक्रांतीच्या चार दिवस आधी, सार्वजनिक नळावरच्या शेवाळलेल्या दगडावरून ती भरल्या घागरीसकट घसरली आणि तो शांत हात अंगाखाली आला. मनगट कोपऱ्यात फेकलेल्या चमच्यासारखं वाकलं. शेजारच्या शामूनं सायकलवर पुढं बसवून तिला दवाखान्यात नेलं आणि तो कामाला गेला. डॉक्टर तरुण होता, धारवाडकडचा. हाड ओढून बसवताना तिनं पदर दातात धरला. प्लॅस्टर घालून झाल्यावर त्यानं बोट उगारून सांगितलं, "आरु वार. बिच्चबेडा."

तिला बाजारापुरतं कन्नड येत होतं. आरु म्हणजे सहा. बेडा म्हणजे नको. वार तर आपलाच शब्द. आज मंगळवार, म्हणजे रविवारपर्यंत सहा वार झाले. तोवर सोडायचं नाही. गुंजीला वैदू बांबूच्या कांब्या बांधायचा, तोही आठवड्यानं सोडून बघायचाच.

सोमवारी सकाळी तिनं कोमट पाण्यात हात बुडवून ठेवला आणि कापड कापायच्या कात्रीनं प्लॅस्टर उतरवलं. सासू देवळात गेली होती. मागावर तीन वार लुगडं विणून झालेलं, तसंच थांबलेलं. ती खड्ड्यात उतरली. प्रत्येक ठोक्याला कोपरापर्यंत कळ जायची, पण कळ काय, येते आणि जाते. दुपारपर्यंत वीतभर विणलं. मग बोटं भोपळ्याच्या देठासारखी ताठ झाली आणि हात्या सुटेना.

दवाखान्याच्या दुसऱ्या खेपेला सासू बरोबर होती. डॉक्टर तिच्याशी कन्नडात बोलला आणि शेवंताबाई डोक्याला हात लावून बाकावर बसली.

"अगं, वार म्हंजे त्यांच्यात आठवडा. सा आठवडे सांगितलंतं त्यानं. तू काय कापाडाचं वार मोजलंस व्हय?"

"दिवस मोजले, आत्या."

"दिवस मोजलीस. माझ्या ल्येकाच्या नशिबात ही शानी आलती."

डॉक्टरनं पुन्हा प्लॅस्टर घातलं. मनगट थोडं वाकडं राहील म्हणाला आणि या वेळी सहा बोटं दाखवून वर 'आठवडे' हा शब्द मराठीत उच्चारला.

घरी धाकटा दीर कल्लाप्पा वाट बघत होता. त्याचं म्हणणं जुनंच होतं, फक्त आता त्याला जोर आला. त्याला यंत्रमाग घालायचा होता, आणि घरात त्याला पुरेल अशी एकच जागा होती: पुढचा सोपा, जिथं खड्डा होता. इतके दिवस खड्डा चालता होता म्हणून तो गप्प होता.

"वैनी, देवाप्पाण्णानं निरोप धाडलाय. म्हैनाभर वाट बघनार. लुगडं आलं न्हाय तर पुढचा ताणा यल्लाप्पाच्या मागाला दिनार. ताणा न्हाय म्हंजे माग उभा. उभ्या मागाखाली खड्डा कशाला पायजे? बुजवू या."

"म्हैनाभर हाय न्हवं अजून?"

"प्लॅस्टर सा आठवडं हाय."

"ते डाव्याला हाय," सत्यवती म्हणाली. "उजव्याला कुठं काय झालंय?"

हे बोलणं सोपं होतं. आधी उजव्याला घर चालवायला शिकायचं होतं. लुगड्याची गाठ एका हातानं बसत नाही. तिनं एक टोक दातात आणि दुसरं भिंतीच्या खुंटीला अडकवून गाठ मारायला सुरुवात केली. कासोटा खोचताना भिंतीला पाठ लावून उभी राहायची, म्हणजे निऱ्या सुटत नसत. परात पायाच्या अंगठ्यांत धरून पीठ मळायची. भाकरी काठाला चिरायची, पण भाजायची. डब्याचं झाकण गुडघ्यांत. वेणी मात्र जमेना. वेणीला तीन पेड लागतात आणि तीन पेडांना दोन हात. ती सासूपुढं पाठ करून बसायची आणि शेवंताबाई केस ओढत बोलायची, "ह्या वयात मलाच सुनेची सून व्हायची पाळी आली." नळावर गल्लीतल्या मालुबाईनं विचारलं, "एका हातानं कसं गं करतीस समदं?" सत्यवती म्हणाली, "दुसऱ्याला सुट्टी दिलीया."

ती पुन्हा खड्ड्यात उतरली. आता दोरीला झटका द्यायचा, दोरी सोडायची, तोच हात हात्यावर न्यायचा, ठोका द्यायचा, परत दोरी. लय म्हणून काही उरलीच नाही. दोन माणसांच्या संभाषणात एकानंच दोन्ही बाजू बोलाव्यात तसं. तरी दिवसाअखेर चार बोटं कापड झालं. तिनं ते खालून दिव्याच्या उजेडात पाहिलं. काळपट, दाट, आडवा पट्टा.

जन्मभर झटका देत आलेला उजवा हात ठोकाही झटक्यानंच देत होता. आपलाच हात, आपल्याच खांद्याला लागलेला, पण कापडाच्या लेखी तो परका माणूस होता.

"उकल," शेवंताबाई म्हणाली.

दोघींनी मिळून ती चार बोटं उकलली. सून ब्लेडनं बाणा, म्हणजे आडवा धागा, सोडवायची, सासू धागा ओढायची. डाव्या हातानं विणलेलं कापड आलं तिथं त्या थांबल्या. तिथून मागं आपला हात, तिथं काय बघायचं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चार बोटं, पुन्हा पट्टा. तिसऱ्या दिवशी पट्टा फिका, पण होता. फार उकलाउकलीनं ताण्याचं रेशीम पिंजू लागलं. आणखी दोनदा उकललं असतं तर धागेच तुटले असते. कल्लाप्पा सोप्यातून जाताना थांबायचा, बघायचा. तोही विणकराचाच पोर. एकदा म्हणाला, "मुठीत धरू नगा. मुठीत धरलं की झटका बसतोय." आणि आपण काय बोलून गेलो हे कळल्यासारखा पटकन बाहेर गेला.

चौथ्या दिवशी दमून तिनं प्लॅस्टरचा हात समोरच्या आडव्या दांड्यावर टेकवला, जिथं विणलेलं कापड गुंडाळलं जातं, आणि उजव्यानं सवयीनं ठोका दिला. दणका दांड्यातून प्लॅस्टरमध्ये आला, प्लॅस्टरमधून हाडात. डाव्या हाताला तो खुपला. दुखला नाही, खुपला, जसा चुकलेला सूर खुपतो. तिनं मूठ सोडली, नुसती बोटं लावून पुन्हा ठोका दिला. अजून जड. आणखी हलका. आता सैल. मग एक ठोका असा बसला की प्लॅस्टरच्या आतला हात गप्प राहिला.

तिनं बोटं तशीच ठेवली. पुन्हा दिला. पुन्हा गप्प.

त्यानंतर उजवा काम करायचा आणि डावा दांड्यावर पडून ऐकायचा. चुकलं की त्याला आधी कळायचं. म्हातारा कारागीर खाटेवर पडूनही पोरांचे माग ऐकतो आणि डोळे न उघडता म्हणतो, 'हां, तिसऱ्याचा धागा तुटला', तसं. रोजचं काम निम्म्यानं होत होतं, पण उजेडाकडं धरल्यावर पट्टा दिसत नव्हता. निरोप आल्यापासून सत्ताविसाव्या दिवशी लुगडं मागावरून उतरलं.

खडेबाजारात देवाप्पांनी ते गादीवर पसरलं नाही. दाराशी आले, दोन्ही हातांनी उजेडात ताणलं आणि वारावारानं सरकवत गेले. सत्यवती प्लॅस्टर पदराखाली घेऊन उभी. तीन वार सरकले आणि त्यांचं बोट थांबलं.

"हितं."

तिनं पाहिलं. वीतभर कापड सैल, धागे विरळ, कडेला किंचित वाकडे. बोट बरोबर होतं. पण जागा तिला वाटली होती ती नव्हती. हे त्या सोमवारचं होतं, मोडक्या डाव्या हातानं विणलेलं. तो आपला म्हणून तिनं तपासलंच नव्हतं.

देवाप्पांनी उरलेलं सगळं लुगडं पाहिलं. परत पाहिलं. मग चष्मा काढला.

"ह्यो पट्टा कुठल्या हाताचा?"

"डाव्या. मोडला होता तवा."

"आनि त्याच्या फुडचं?"

"उजव्याचं."

"खोटं बोलू नगंस. फुडचं डाव्याचं हाय. वळखतो मी त्याला."

तिनं पदर सारून प्लॅस्टर दाखवलं. बोटं अजून सुजलेली, नखांखाली रंग नाही. देवाप्पांनी लुगड्याची घडी केली.

"लुगडं दुय्यम मालात जाईल," ते म्हणाले. "पट्टा तो पट्टा."

"जाऊ दे, अण्णा. ताण्याचं बोला."

त्यांनी आतून ताण्याचा गठ्ठा आणून तिच्या डोक्यावर दिला, एका हातानं सावरता येईल असा. "डावा बरा झाला की कळव. तवर ह्या उजव्यालाच दे."

ती घरी आली तेव्हा सोप्यात मुरमाची सहा पोती भिंतीला लावून ठेवलेली होती. महिना पुरा व्हायला तीन दिवस होते आणि कल्लाप्पा वेळेआधी तयारीत राहणारा माणूस. त्यानं तिच्या डोक्यावरचा गठ्ठा पाहिला, उतरवून घेतला आणि धागा बोटांत चोळून बघितला.

"दिला?"

"दिला."

जुन्या ताण्याच्या टोकांना नवा ताणा सांधायचा म्हणजे हजारो धागे, एकेक धागा दोन चिमटींत धरून राख लावून पीळ द्यायचा. शेवंताबाईची नजर राहिली नव्हती. सत्यवती एक टोक दातात धरून दुसऱ्याला पीळ द्यायला लागली. तास झाला तरी सत्तर-ऐंशी धागेच झाले होते आणि ओठ सोलवटले होते.

कल्लाप्पा तिथंच बिडी ओढत उभा होता. बिडी विझवली, कानावर ठेवली आणि खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला मांडी घालून बसला.

"असं दातानं केलं तर शिमगा उजाडंल," म्हणत त्यानं राखेत बोटं बुडवली. "तुमी नुसतं धागं निवडून द्या."

ती एकेक धागा पुढं करू लागली. तो पीळ देऊ लागला. बापाच्या वेळचा वेग त्याच्या बोटांत तसाच होता. शे-दीडशे धागे जोडून झाले.

"यंत्र मागल्या बाजूला घालतो," शेवटी तो म्हणाला. "न्हानीच्या जाग्यावर. भित पाडाय लागंल."

"आनि न्हायचं कुठं?"

"ते तुमी बघा. खड्डा तुमाला पायजे हुता."

"मुरूम तिथं टाका मग," ती म्हणाली आणि पुढचा धागा त्याच्या बोटांत दिला.