आई आणि कॅम्प

तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात, गुलबर्ग्याकडं, निंबर्ग्याच्या पुढं आमचं लहानसं गाव. शाळेत उर्दू, घरात मराठी, बाजारात कानडी. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, पण 'कॅम्प' हा शब्द सगळ्यांना ठाऊक होता. तहसीलदार दौऱ्यावर आले की गावाबाहेरच्या चिंचांखाली तंबू पडायचे. कॅम्प आलाय म्हटलं की घराघरातनं दूध, कोंबड्या, वैरण फुकट पोचवावी लागायची. माझे वडील शाळेत मास्तर होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. त्यांनाही तिथं हात जोडून उभं राहावं लागायचं.

आईपुढं मात्र हा शब्द काढायची सोय नव्हती. माझ्या जन्माआधी गावात प्लेग आला होता. घरोघरी उंदीर मरून पडायला लागले, तेव्हा लोकांनी गाव सोडून माळावर कडब्याच्या झोपड्या घातल्या. सरकारी डॉक्टर त्यालाही कॅम्पच म्हणायचा. माझी थोरली बहीण तिथं काखेत गाठ येऊन गेली. तिला मी पाहिलेलं नाही. आई कधीमधी भाकरी थापता थापता थांबायची आणि तव्यावरची भाकरी करपून जायची, एवढंच मला माहीत.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आसपासची गावं जळायला लागली. संस्थानच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या यायच्या, लुटायच्या, माणसं मारायच्या. अप्पा एक दिवस आईला म्हणाले, "संस्थानच्या हद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूला कॅम्प उघडलाय. पोरीला घेऊन तू पुढं हो."

"कॅम्पात? मी न्हाई येत."

"तसला न्हाई गं हा. राहायला पाल देतेत, खायला देतेत."

"एक लेकरू कॅम्पात ठिवून आले. आता हिलाबी तिथंच धाडायलाव का?"

अप्पांनी पुन्हा विषय काढला नाही.

शेवटी आईला हलवलं ते शेजारणीनं. ती गावातल्या मुसलमान शिंप्याची बायको. मी तिला खाला म्हणायची. शेजारचं गाव लुटल्याची बातमी आली, त्या सकाळी ती आमच्या चुलीपाशी येऊन बसली. मी तेव्हा नुकतीच साडी नेसायला लागले होते. माझ्याकडं बघत ती आईला म्हणाली, "भाभी, बच्ची को लेके जाओ. घर मैं देखतूं."

आम्ही गावातल्या आणखी काही बायकांबरोबर निघालो. शाळा सोडली तर सरकार बंडखोर ठरवील, म्हणून अप्पा मागं राहिले. आठवड्याभरात येतो म्हणाले.

ते आले नाहीत. कॅम्पात डाळीसाठी रांग लागायची. त्या रांगेत आम्ही दोघी उभ्या असताना आमच्या गावचा एकजण आईला शोधत आला. "टोळीवाल्यांनी मास्तरांना शाळेपुढंच गोळी घातली," तो म्हणाला. आईनं त्याच्याकडं पाहिलं आणि रांग सोडली नाही. ताटलीत डाळ घेतली, पालात येऊन मला भरवली, ताटली धुतली. मग ती खाली बसली आणि पालात हंबरडा उठला. तो आवाज आईचा आहे हे मला आधी कळलंच नाही.

भादव्यात सोलापूरकडनं मिलिटरी आली, संस्थान पडलं आणि आम्ही गावी परतलो. आमचं घर होतं तसं होतं. खालाच्या घराचं छप्पर मात्र जळालेलं. तिच्या नवऱ्याला मारलं होतं, तेही आमच्याच गावातल्या माणसांनी, टोळ्यांचा सूड म्हणून. त्या शिंप्यानं कुणाला उणा शब्द बोललेला नव्हता.

"अन् ती?" आईनं विचारलं.

"हाय. गुलबर्ग्याला, कॅम्पात," एक शेजारी म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी आईनं भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून घेतली आणि मला घेऊन निघाली. गुलबर्ग्याच्या त्या कॅम्पाच्या दारात शिपायानं अडवलं, कोण लागते म्हणून विचारलं.

"बहीण," आई म्हणाली. अप्पा गेल्यापासून तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. ते बघून त्याला खरं वाटलं असावं, त्यानं सोडलं.

खाला भिंतीला टेकून बसली होती. आईनं भाकरी मोडून अर्धी तिच्या हातात दिली. उरलेली अर्धी स्वतः खाल्ली. मग आई म्हणाली, "चल घरी. माझ्याकडं ऱ्हा."

"वोच लोगां हैं ना भाभी उधर?" खालानं विचारलं.

आईनं उरलेल्या भाकरी तिच्यापाशी ठेवल्या. पुढं खाला हैदराबादकडच्या नातेवाइकांकडं गेली असं कळलं. पत्ता कधीच लागला नाही.

खालाचं घर जाळणारे रोज आमच्या दारावरनं जायचे, मास्तरांची बायको म्हणून आईला नमस्कार करायचे. आई मान वर करायची नाही.