शालूबाईंचा शोषखड्डा

शालूबाईंच्या हातून कुणाची भिंत पडेल, असं त्या साली मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आजही ती दुपार आठवली की हातातलं काम थांबतं.

आष्ट्याच्या कडेला उसाचं रान मोडून पाडलेल्या प्लॉटांची आमची आळी. रस्ता मुरमाचा, धूळ उडायची ती थेट भाताच्या पातेल्यात. आणि त्यात शालूबाईंचं अंगण. शेण आणि पांढरी माती कालवून असं सारवलेलं, की वाळवणाच्या शेवया खाली सांडल्या तरी उचलून पुन्हा खाटेवर टाकाव्यात. त्यांचे यजमान नानासो फौजेतून हवालदार होऊन परतलेले, पण घरात हुकूम चालायचा बाईंचा. चपला उंबऱ्याबाहेर, त्याही टाचा भिंतीकडे करून. "पलटनीत सुदिक एवढी शिस्त न्हवती," असं म्हणत नाना चपला सरळ करायचे.

त्यांच्या घराखाली, उताराच्या टोकाला आक्काताईंचं घर. आक्काताई अंगणवाडीच्या सेविका. नवरा गेल्यावर मुलाला, बुद्धभूषणला, त्यांनी ओव्हरसियर केलं आणि एकेक खोली करत घर उभारलं. पुढच्या खोल्या पक्क्या, मागची तेवढी कच्च्या विटांची राहिली होती. धाकटी प्रियदर्शनी बारावीला होती, तिची अभ्यासाची खोली तीच. रस्ता उंच केला तसं साऱ्या आळीच्या छपरांचं पाणी त्या मागच्या भिंतीला येऊन टेकू लागलं.

तोड काढली ती बुद्धभूषणनंच. ज्याच्या छपराचं पाणी, त्यानं ते आपल्याच जागेत जिरवायचं. अंगणात बशीसारखा पसरट खड्डा, तळाला विटांचे तुकडे, वर जाड वाळू, वाळूवर माती, मातीत कर्दळ, वाळा, अळू. न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ लावणं आम्हा बायकांना ठाऊक होतंच, त्यामुळे कुणी कुरकुर केली नाही. "खड्डा तुमच्या जागेत, तवा त्याची निगाबी तुमीच करायची," एवढं त्यानं घरोघर जाऊन सांगितलं. पुढच्याच महिन्यात त्याची जतला बदली झाली.

निगा म्हटल्यावर शालूबाई मागे थोड्याच राहणार? कर्दळीचं पिवळं पान दिसलं की गेलं. वाळ्याच्या मुळांपाशी कचऱ्याची काडी टिकायची नाही. उलट आमच्या समोरचा धुळा. त्याच्या खड्ड्यात शेळ्या चरायच्या, पाला कुजायचा, गांडुळं वळवळायची.

"धुळा, गड्या, खड्डा काढलास का उकिरडा?" नाना विचारायचे.

"नाना, माझी कर्दळ पानी पितीया. तुमच्याकडली पूजंला ठिवलीया," धुळा म्हणायचा.

दुसऱ्या पावसाळ्यात शालूबाईंनी मला मुद्दाम बोलावून नेलं. खड्डा काठोकाठ भरला होता, पाण्यात तुळशीवृंदावन उलटं दिसत होतं. "बघा वैनी, कसं धरून ठिवलंय. धुळ्याच्यात बगावं तर थेंब न्हाई." मलाही ते पाणी फार देखणं वाटलं.

श्रावणात आक्काताईंच्या मागच्या भिंतीला ओल आली. आधी तळहाताएवढी, मग कमरेइतकी. आक्काताई दारोदार फिरल्या. भांडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "जरा आपापला खड्डा बघा. पोरगी त्या भितीला टेकून बसती," एवढंच म्हणाल्या. पुरुषमंडळी निघाली. सगळ्यांचा संशय धुळ्यावर. नानांनी उभं राहून त्याच्याकडून सगळा खड्डा उपसून पुन्हा भरून घेतला. शालूबाईंच्या फाटकाशी मात्र कुणी थांबलंसुद्धा नाही. तिथं काय बघायचं होतं?

हस्ताचा पाऊस लागला. दुपारी असा आवाज झाला, जणू उसाचा भरला ट्रक कुणी जागीच ओतला. मी पळत गेले. आक्काताईंची मागची भिंत नव्हती. आतल्या खिळ्याला प्रियदर्शनीचा गणवेश हलत होता आणि चिखलातून खुर्चीची फक्त पाठ वर आली होती. आक्काताई अंगणवाडीतून तशाच धावत आल्या. ती पाठ बघितली आणि मटकन खाली बसल्या.

तेवढ्यात प्रियदर्शनी पुढच्या खोलीतून आली. हातात चहाचं भांडं. चहा ठेवायला म्हणून उठली होती. "आई, माझी पुस्तकं," ती म्हणाली, आणि मग खुर्चीकडे बघून तिच्या हातातून भांडं सुटलं.

पाऊस थांबला तरी भिंतीच्या जागेवरून पाण्याचा ओघळ चालूच होता. आक्काताई उठल्या आणि त्या ओघळाच्या कडेकडेनं वर चालू लागल्या. मी त्यांच्या मागे. ओघळ कुंपणाखालून गेला होता, तुळशीजवळून गेला होता, आणि शालूबाईंच्या खड्ड्याच्या काठाशी जाऊन संपला होता.

शालूबाई पायरीवर उभ्या होत्या. "त्यो भरलाय नव्हं," त्या म्हणाल्या. "मग पानी भाईर कुठलं जातंय?"

आक्काताईंनी हात पाण्यात घातला. कोपरापर्यंत. मग मला म्हणाल्या, "तुमी घाला." मी घातला. तळ लागला तो थंड आणि गुळगुळीत, थेट माजघराच्या जमिनीसारखा.

"ह्ये सारवलंय?" मी विचारलं.

"दर शुक्रवारी," शालूबाई म्हणाल्या. "अंगन सारवायचं आन् मधीच एवढं धुळीचं सोडायचं? उन्हाळ्यात चोपण्यानं चोपूनबी घेतलं. पानी हलू नये म्हनून."

म्हणजे पाणी जिरतच नव्हतं, काठावरून उतू जाऊन थेट आक्काताईंच्या भिंतीला लागत होतं. नाना चपला न घालताच खाली उतरले. शालूबाई आमच्या तोंडांकडे बघत होत्या, एकाकडून दुसऱ्याकडे. मग त्यांनी स्वतः हात पाण्यात घातला, तळावरून फिरवला, आणि तो तसाच आत राहिला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. माणसाला आपल्याच हाताचं काम इतकं परकं वाटताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

हात बाहेर काढून त्या म्हणाल्या, "आक्का, भित हुईस्तवर तुमी दोगी हितं ऱ्हावा. माझ्या माजघरात." एवढ्या वर्षांत आक्काताई त्या घरात ओसरीच्या आत गेल्या नव्हत्या, आणि हे आळीत सगळ्यांना माहीत होतं.

"ऱ्हायचं मग बघू," आक्काताई म्हणाल्या. "आधी ह्यो खड्डा फोडा."

नानांनी कुदळ आणली. शालूबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली, पदर खोचला आणि गढूळ पाण्यात उतरल्या. पहिल्या घावाला कुदळ उसळून परत आली. थरावर थर बसले होते. दोन पावसाळ्यांमधल्या शुक्रवारांचे. त्या घाव घालत राहिल्या. एकदाची खपली निघाली, पाण्यात बुडबुडे आले आणि खड्डा आमच्या डोळ्यांदेखत खाली बसू लागला. धुळा कुंपणापलीकडे उभा होता. त्याला टोमणा मारायची अशी संधी पुन्हा कधी मिळाली नसती, पण तो कुंपण ओलांडून आत आला आणि निघालेल्या खपल्या बाहेर टाकू लागला.

आक्काताई शालूबाईंच्या माजघरात राहिल्या नाहीत. प्रियदर्शनी तेवढी राहिली, परीक्षा होईपर्यंत. भिंत पक्क्या विटांची झाली, विटा नानांनी पोचवल्या.

शालूबाई आता थकल्यात, पण दिवाळीचं सारवण त्यांच्याच हातचं असतं. पाऊस लागायच्या आधी खड्ड्यातला गाळ काढतात, माती खुरप्यानं भुसभुशीत करतात आणि पाला पडला तर पडू देतात. सारवण खड्ड्याच्या काठाशी आलं की त्यांचा हात थांबतो. बोटांतून शेण ठिबकत असतं. त्या क्षणभर त्या मोकळ्या, धुळकट मातीकडे बघतात, आणि मागे सरकतात.