आधी नोंद, मग चहा

श्री. मनोहर काळसेकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बसमध्ये. दिल्लीतल्या मराठी मंडळींची बस दरवर्षी संक्रांतीला पानिपतजवळच्या काला अंबला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकापाशी, जायची. माझं नुकतंच लग्न झालं होतं, करोलबागेत दोन खोल्यांत संसार मांडला होता, आणि त्या सकाळी थंडीने दात वाजत होते. काळसेकरकाका तिळगुळाचा डबा घेऊन बसमध्ये फिरत होते. माझ्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "तुमचं गाव कुठलं?"

"मॉरिशस."

"ते झालं. पण मूळ गाव?"

मूळ गाव मला ठाऊक नव्हतं. पणजोबा कोकणातून जहाजाने उसाच्या मळ्यावर मजुरीला गेले, एवढंच आमच्या घरी सांगत. मी तेवढंच सांगितलं. "मग तुम्ही आमच्याच बाजूच्या," असं म्हणून काकांनी एक वडी जास्तीची दिली आणि ते पुढे गेले. त्यांच्या दृष्टीने विषय मिटला होता. पुढचं रामायण घडलं ते त्यामुळेच.

मी दिल्लीत शिकायला आले आणि इथलीच होऊन राहिले. पासपोर्ट मात्र मॉरिशसचा. लग्नानंतरही दरवर्षी परकीयांच्या रांगेत उभं राहून मुक्कामाची मुदत वाढवून घ्यावी लागे. त्या रांगेत साडी नेसलेली मी एकटीच असायची. रखवालदार मला हमखास बाहेर काढायचा, "बहनजी, ये लाइन विदेशियों की है."

नव्वदीच्या दशकात नवे कारखाने आले, तशी सुधीरला, माझ्या यजमानांना, फरीदाबादला नोकरी लागली. नव्या सेक्टरमध्ये घर शोधून दिलं काकांनीच. समोर मोहरीची शेतं, रस्ते अर्धवट, संध्याकाळी वीज असली तर असली. आमचं सामान एका रविवारी मराठी मंडळातल्या लोकांनीच हलवलं, आणि काकांच्या पत्नी निर्मलाकाकूंनी सगळ्यांना पिठलंभात वाढला. बदरपूर ओलांडलं की हरियाणा लागतो, पण आमच्या लेखी ती सगळी दिल्लीच होती.

काका तिथल्याच एका कारखान्यात कर्मचारी विभागात होते. परदेशी भागीदारी झाल्यावर जर्मन, कोरियन इंजिनिअर सहकुटुंब येऊ लागले. त्यांची पोलीस कचेरीत मुदतीत नोंद करणं हे काकांचं काम. एकदा एका जर्मन बाईंची मुदत टळून गेली, तेव्हा वरिष्ठांनी सुचवलं, येण्याची तारीखच पुढची दाखवा. काकांनी ऐकलं नाही. ते बाईंना घेऊन स्वतः कचेरीत गेले आणि उशीर झाला असं सरळ सांगून आले. याच काकांच्या घरी दिवाळीला एक कोरियन गृहस्थ चकली भाताबरोबर खाताना मी पाहिले आहेत. काकूंनी त्यांना अडवलं नाही, आणखी भात वाढला.

सेक्टरमधल्या मराठी मुलांना मराठी येईना, म्हणून काकांनी रविवारचा वर्ग काढला आणि शिकवायला मला बसवलं. मी म्हटलं, "काका, माझी मराठी आमच्या बेटावरची, जुनी." ते म्हणाले, "बिल्कुल तीच हवी. यांची मराठी टीव्ही बघून पातळ झाली आहे." अशी मी, परदेशी बाई, दिल्लीकर मुलांकडून मराठीची बाराखडी गिरवून घेऊ लागले.

आणि मग मॉरिशसहून फोन आला. पप्पांना अर्धांगाचा झटका आला होता. माझी लेक तेव्हा तीन वर्षांची. जाऊन परत येण्यासाठी परतीचा व्हिसा हवा, म्हणून दिल्लीच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी पत्ता वाचला आणि पेन खाली ठेवलं. "ये तो हरियाणा है. आपने बताया ही नहीं?" परकीयाने राज्य बदललं तर नव्या जिल्ह्यात नोंद करायची असते. आम्हाला फरीदाबादला येऊन दहा महिने होत आले होते. नोंद नाही, म्हणून परतीचा व्हिसा नाही. तशीच गेले तर लेकीकडे परत येता येईल याची खात्री नव्हती. न जावं तर पप्पा दिसणार नव्हते.

त्या संध्याकाळी काका आमच्याकडे आले. सगळं ऐकून त्यांनी माझा पासपोर्ट मागून घेतला आणि पान न् पान उलटून पाहिलं. दिवसभर परदेशी माणसांच्या नोंदी करणाऱ्या या माणसाला, मीही परदेशी आहे, हे कधी सुचलंच नव्हतं. सुधीर म्हणाला, "गेल्याच महिन्यात राहायला आलो असं सांगू या." काका म्हणाले, "नाही. आज सुटेल ती, पण पुढे प्रत्येक वेळी त्या दारात भीत भीत जाईल."

दुसऱ्या दिवशी ते मला फरीदाबादच्या कचेरीत घेऊन गेले. तिथले साहेब त्यांना रोजचे ओळखणारे. त्यांनी माझा पासपोर्ट चाळला आणि काकांकडे रोखून पाहिलं. "काळसेकर जी, आप तो क़ायदा हमसे ज़्यादा जानते हैं. आपसे कैसे छूट गया?"

काका उभेच होते. ते म्हणाले, "साहब, घर की लड़की का रजिस्ट्रेशन कौन करवाता है? ग़लती मेरी है. मकान मैंने दिलवाया, सामान मैंने ढुलवाया. जो लिखना है, मेरे नाम पर लिखिए."

साहेबांनी आम्हा दोघांकडून लेखी खुलासा घेतला, चार शब्द सुनावले आणि नोंद केली. मी तिथेच रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

पप्पांनी मला ओळखलं. बोलणं अडखळत होतं, तरी विचारलं, "परत घेतील ना तुला?" मी म्हटलं, "घेतील. तिथे काका आहेत." महिनाभराने परतले तेव्हा आमच्या फाटकापाशी काका स्कूटर घेऊन उभे. काकू चहा टाकत होत्या, तर म्हणाले, "आधी नोंद, मग चहा. चलो." त्यानंतर मी मॉरिशसहून परतले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "नोंद झाली का?" खुशाली त्यानंतर.

आता माझ्याकडे भारतीय वंशाच्या परदेशस्थांना मिळणारं आजीवन कार्ड आहे, नोंद करावी लागत नाही. मोहरीच्या शेतांवर उंच इमारती उभ्या आहेत, रविवारच्या वर्गातली मुलं स्वतःच परदेशी व्हिसाच्या रांगांत उभी आहेत, आणि पप्पाही गेले. माझ्या येण्याची वाट पाहणारं वडीलधाऱ्यांचं घर आता एकच उरलं आहे. गेल्या महिन्यात मी बेटावरून आले आणि सामान ठेवून काकांकडे गेले. ते व्हरांड्यात बसले होते. ऐकू कमी येतं, म्हणून मी जवळ जाऊन वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "नोंद झाली का?"

कार्डाचं त्यांना अनेकदा सांगून झालं आहे. मी म्हटलं, "झाली, काका."

"मग चहा घे," ते म्हणाले.

काकांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. मी पुन्हापुन्हा जाईन, पुन्हापुन्हा परत येईन, आणि दरवेळी हे विचारायला ते व्हरांड्यात बसलेले असोत.