पोटात सारण असलेली गोळी

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तो खरा मानलाच नाही. भंडाऱ्याच्या दवाखान्यात माझी नर्सची पाळी संपत आली होती. गावचा एक माणूस एस.टी.नं येऊन वॉर्डाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मनोहरभाऊ गेले जी. सकाळी छातीत दुखलं अन् गेलेच." तुला कोणी सांगितलं, तू स्वतः पाहिलंस का, असं मी त्याला उलटतपासणी घेतल्यासारखं विचारत राहिले. तो बिचारा ओशाळला. पण माझ्या भावाबद्दल आमच्या आंधळगावातून आलेल्या बातम्या मी वर्षानुवर्षं ऐकल्या होत्या... मनोहर कम्युनिस्ट झाला, मनोहरनं तिकडे दुसरं घर केलंय, मनोहर पुन्हा रशियात पळाला. माझा भाऊ मेल्याची बातमीसुद्धा मला आधी तपासून घ्यावीशी वाटली, याचं आज महिन्याभरानंतरही वाईट वाटतं.

आम्ही बौद्ध वस्तीतले. वडील दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाची रोवणी-कापणी करायचे. दादा शिकला, नागपूरला कॉलेजात गेला आणि सत्तरच्या सुमारास सरकारी शिष्यवृत्तीवर थेट कीवला पोचला. गाव त्याला रशिया म्हणे; दादा दरवेळी "युक्रेन" अशी दुरुस्ती करी. साखरेपासून गोळ्या आणि चॉकलेट करण्याचं तंत्र तो तिथं शिकला, तिथल्याच एका मोठ्या कारखान्यात त्यानं काम केलं. परत आला तेव्हा गावाचा पहिला संशय अगदी सरळ होता. गोळ्या करायला शिकायला कोणी विमानानं जातं काय? नक्की दुसरंच काहीतरी शिकून आला असणार.

दादा त्या कारखान्याची गोष्ट फार रंगवून सांगे. संध्याकाळी आमच्या अंगणात माणसं जमत. शंभर वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं शहरातल्या मोठ्या रस्त्यावर एका खोलीत पाक उकळायला सुरुवात केली. पुढे कोको आला, यंत्रं आली, गोळ्यांचे डबे झारच्या राजधानीपर्यंत जाऊ लागले. मग क्रांती झाली आणि कारखाना सरकारचा झाला. युद्धात जर्मन चाल करून आले, तेव्हा यंत्रं सोडवून, आगगाडीत घालून दूर पूर्वेला नेली. मागे नुसत्या जळक्या भिंती उरल्या. युद्ध संपल्यावर बायांनी राखेतून एकेक वीट पुसून काढली आणि इमारत पुन्हा उभी केली. त्यांतल्याच एकीनं, ओल्हा नावाच्या म्हातारीनं, दादाला पाक ओढायला शिकवलं होतं. गावानं लावून दिलेलं त्याचं 'दुसरं घर' म्हणजे ही साठीची ओल्हा. वहिनीनं लग्नानंतर तिचा फोटो बराच वेळ न्याहाळला होता, आणि मग भिंतीवर लावला होता.

एकदा ही गोष्ट ऐकायला आबाजी आले होते. धानाची गिरणी त्यांची. गावात त्यांच्या शब्दाला वजन. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "अन् त्या पहिल्या मालकाचं काय झालं?"

दादा म्हणाला, "ठाऊक नाही जी. मी तिथं विचारलं होतं. कोणी सांगितलं नाही..."

"कोणीच नाही?"

"नाही. विषय बदलायचे."

आबाजी उठून गेले. दादानं खरं ते सांगितलं होतं, पण आबाजींच्या मनात वेगळंच शिरलं. हा पोरगा आपली गिरणी सरकारजमा करायच्या वाटेवर आहे, असं ते चारचौघांत बोलू लागले. दादा मजुरांशी नुसता बोलत उभा राहिला, तरी आबाजींचा कोणीतरी माणूस जवळपास बिडी पेटवत असायचा.

नागपूरची नोकरी नाकारून दादानं वस्तीच्या टोकाला, कौलारू खोलीत आपला कारखाना काढला. कारखाना कसला, एक भट्टी, एक कढई, दगडाची फरशी, आणि कामाला तो, वहिनी अन् शेजारच्या दोघी. त्याची खास गोळी म्हणजे पोटात सारण असलेली. बाहेर कडक पाक आणि आत वाटलेल्या चारोळीचा मऊ गोडवा. चारोळी आमच्याच जंगलातली. पण आंधळगावानं तोवर पाहिलेली गोळी आरपार एकच असायची. आत काहीतरी लपवलेली गोळी कशाला करायची? आठवडी बाजारात बाया ती हातात घेऊन फिरवत. "आत काय हाय, भाऊ?" दादा सांगे, चारोळी. त्या गोळी परत ठेवत. कोणी म्हणे अंडं आहे, कोणी म्हणे चरबी, कोणी म्हणे रशियाची दारू. आत कोणाचा हात लागलाय, हा खरा प्रश्न मात्र कोणी उघड विचारत नसे. ते दादाला कळत होतं. आईलाही. "तू त्याईले चारोळी सांगून राहिला," आई म्हणायची, "अन् ते तुले जात विचारून राहिले." तरीही करडी गावापासून मोहाडीपर्यंतची पोरं चोरून त्या गोळ्या खाऊ लागली. तिथून धंदा हळूहळू उभा राहिला.

मग तो बालदिन आला. शाळेच्या हेडमास्तरांनी हिंमत करून वाटायला दादाच्याच गोळ्या नेल्या. दुपारी पोरं ओकायला लागली.

मी दवाखान्यात कामावरच होते. जीप आली, मागोमाग ट्रॅक्टर. ओळखीची पोरं, ओळखीच्या आया. त्यांत आबाजींचा नातूही होता. मी एका पोरीला उचलायला वाकले तर तिच्या आईनं तिला ओढून घेतलं. "हिले हात लावू देऊ नका! त्याचीच बहीण आहे ते!" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागं सरून सलाइनच्या बाटल्या तेवढ्या देत राहिले. तिकडे गावात कारखान्याला कुलूप लागलं होतं आणि दादाला ठाण्यात बसवलं होतं. माझ्या मनातही क्षणभर आलं, भांडं कळकलं असेल का, काही चुकलं असेल का...

जो येई तो पोरांना एकच विचारी, "गोळी खाल्ली होती ना?" पोरं मान हलवत. सगळ्यांनीच खाल्ली होती. शेवटी डॉक्टर आबाजींच्या नातवाजवळ बसले. ओकारीत त्यांना पांढरट बियांचा चुरा दिसला होता.

"गोळी खाल्ली, बरं. आणखी काय खाल्लं?"

"बिया."

"कसल्या बिया?"

"शाळेच्या कुंपणावरच्या. शेंगदाण्यावानी लागतात."

"आधी काहून नाही सांगितलं रे?"

पोरगा रडवेला झाला. "कोणी विचारलंच नाही जी."

कुंपणाला चंद्रजोत, म्हणजे मोगली एरंड, लावलेली होती. तिच्या बिया खाल्ल्या की असंच होतं. रात्रीपर्यंत सगळी पोरं सावरली. कोणी दगावलं नाही. आबाजी खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. ते तिथूनच ठाण्यात गेले आणि दादा त्यांच्याच जीपमधून घरी आला. घराशी उतरताना आबाजी म्हणाले, "उद्या येतो. मले बनवून दाखव."

ते आले. दादानं साखर चढवण्यापासून कागद गुंडाळेपर्यंत सगळं त्यांच्यासमोर केलं. त्यांनी गोळी घेतली, खिशात टाकली आणि गेले. खाल्ली की नाही, कोणालाच कळलं नाही. पण दादाविरुद्धचं त्यांचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं, आणि बाजारात गोळी परत ठेवणाऱ्या बाया कमी होत गेल्या.

दादा मात्र बदलला. त्यानं खोलीचा दरवाजा बिजागरीतून काढूनच टाकला. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायचा, "या, पाहा, आत काय टाकून राहिलो ते पाहा." थंडीत वारा शिरून पाक फरशीवर लवकर आळे, अख्खा घाणा वाया जाई. तरी दार बसवलं नाही. मला ते पाहवत नसे. निर्दोष सुटलेला माणूस रोज नव्यानं साक्ष देत होता... आणि छातीतलं दुखणं तेवढं त्यानं कोणाला दाखवलं नाही.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर मी चार दिवस गावी राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी ठोकण्याचा आवाज आला म्हणून गेले. वहिनीनं सुतार बोलावून कारखान्याच्या चौकटीला दार बसवून घेतलं होतं, नवं, सागाचं. भट्टी पेटलेली होती. बाहेर बाजाराला निघालेली दोन माणसं थबकून आत डोकावत होती.

"वहिनी, लोक काय म्हणतील?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्यायनं लई दाखवलं," ती म्हणाली. "मी नाही दाखवत कोणाले. ज्याले खायची तो खाईल."

तिनं दार लोटून कडी घातली. पाक तयार होता. मी हात धुऊन तिच्यासमोर बसले आणि चारोळी भरायला घेतली.