हळदीचं तेल आणि पोटावरची पिशवी

दवाखान्यातून निघताना नर्सबाई म्हणाल्या, "काका, पॉझिटिव्ह राहायचं." डॉक्टरही तेच म्हणाले. शहाद्याला घरी आल्यावर गल्लीतले दोन रिटायर मास्तर तेच म्हणाले, आणि त्यातल्या एकाला तर मला काय झालंय हेही माहीत नव्हतं. मोठं आतडं खराब झालेलं, म्हणून पोटाच्या डाव्या बाजूला वाट काढलेली, तिच्यावर चिकटवलेली पिशवी, आणि शौचाचं सगळं काम आता तिथूनच, तेही त्या वाटेच्या मर्जीने. यात पॉझिटिव्ह कसं राहायचं ते कुणीतरी मला फळ्यावर पायऱ्या मांडून दाखवावं, असं माझं म्हणणं होतं. मी आयुष्यभर गणित शिकवलंय.

बायको मात्र लगेच कामाला लागली. ती ब्लाउज शिवते. पिशवीच्या चिकट चकतीला बरोबर मापाचं भोक कापावं लागतं, ते तिने पहिल्या आठवड्यातच हातात घेतलं. गळ्यात टेप, हातात कात्री, आणि मला दम: "हालू नका, माप चुकी जाई." तपासणीच्या वेळी नर्सबाईंनी कापणाऱ्याचं कौतुक केलं. त्या दिवशी ती मोटारीत शहाद्यापर्यंत हसत होती आणि मी खिडकीबाहेर बघत रागवत होतो.

लोकांना मी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं म्हणून सांगून टाकलं. कळसाडीच्या थोरल्या बहिणीलाही तेच सांगितलं. अपेंडिक्समध्ये माणसाची अब्रू शाबूत राहते.

पंचाईत झाली ती या ताईच्या मुलीच्या लग्नात. नवरीला मांडवात मामाने आणायचं असतं, आणि ताईला मी एकटाच सख्खा भाऊ. सगळ्या गावासमोर, मंगलाष्टकं चालू असताना, पिशवी सुटली तर? नुसती बोलली तरी पुरे, कारण वारा सरला की ती मोठ्याने बोलते आणि तिला वेळकाळ कळत नाही. त्या विचाराने माझी झोप उडाली होती. शेवटी ठरवलं की हळदीला तोंड दाखवायचं, दुपारनंतर ताप आला म्हणायचं आणि शहादा गाठायचं. नवरीला आणायला चुलतभाऊ होताच. बायको "बरं" म्हणाली आणि पिशव्यांचं अख्खं खोकं गाडीत ठेवलं.

एक गोष्ट मी विसरलो. आमच्याकडे हळदीला नवरी निमित्त असते, खरा हात साफ होतो तो मामावर. ताईच्या नणंदेने मला ओट्यावरच गाठलं. तिने तेलात कालवलेली हळद गालाला लावली, मानेला लावली, आणि मी पळतोय म्हटल्यावर ओंजळभर घेऊन सरळ शर्टाखाली हात घातला. तो हात नेमका पिशवीवर पडला.

"मामानी पोटले काय बांधेल शे?" तिने विचारलं. मग तिलाच उत्तर सुचलं. "बट्टी लपाडी ठेयेल शे. पंगत बसानी आधीच."

अंगणभर बायका हसल्या. वरण-बट्टीच्या जेवणात बट्ट्या चोरणारा मास्तर म्हणून माझी कीर्ती तिथल्या तिथे पक्की झाली. मी नाकारलं नाही. मला दुसरंच कळत होतं: तेल चकतीखाली शिरलं होतं आणि तिची एक कड उचलली होती. मी शर्ट पोटाशी धरून माजघरामागच्या बाथरूममध्ये शिरलो, मागून खोकं घेऊन बायको.

नवी पिशवी लावली, घसरली. दुसरी लावली, तीही घसरली. कातडी तेलाने गुळगुळीत झाली होती आणि साबण नुसता वरून फिरत होता. बायको म्हणाली, "बेसन लागी," आणि दार किलकिलं करून बेसन मागितलं.

बेसनाची वाटी घेऊन ताई स्वतः आली, आणि आतही आली. मी लुंगी पोटावर ओढली, पण तिने बघायचं ते बघितलं होतं. तिने वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता रडेल, आणि मला तेच नको होतं.

"अपेंडिक शे ना हाई?" ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

"तू धाकला व्हता तवय तुले कोन धोये? मायना हात कामले ऱ्हायेत, मीच धोये. आते माले लाजस?"

तिने पदर खोचला, बेसन पाण्यात कालवलं आणि बायकोला बाजूला सारून माझं पोट पुसायला बसली. हात अगदी हलका होता, तोंड मात्र चालूच. मी रडलो, आणि बेसन डोळ्यात गेलं असं सांगितलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

तिसरी पिशवी घट्ट बसली. मी तापाचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताईने बाथरूमचं कुलूप आणि चावी माझ्या हातात ठेवली. "सकाय पोरले मांडोमा तूच लई येशी. हाई चावी तुन्हाजोडे ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी भाचीचा हात धरून मीच मांडवात गेलो. मंगलाष्टकांच्या मध्ये पिशवी एकदा बोललीच. भाचीने माझा हात जरा घट्ट धरला, एवढंच. जेवणानंतर नवरदेवाचे वडील, स्वतः व्याही, कुलूप लावलेल्या बाथरूमपुढे खोळंबून उभे होते. ताईने हात जोडून त्यांना शेजारच्या घरी पाठवलं आणि म्हणाली, "हाई मन्हा भाऊनं शे."