आत्याबाई आधी जेवतात

माझं सासर मोताळ्याजवळच्या एका खेड्यात. घरात आम्ही चौघं. मामाजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, माझा नवरा आणि मी. नवरा ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो, मी शेजारच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. विहिरीलगतच्या तुकड्यात मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरची लावायची आणि मोताळ्याच्या आठवडी बाजारात बसून स्वतः विकायची, हा आत्याबाईंचा कारभार. त्यात त्या कुणाला हात घालू देत नसत.

लग्न होऊन आले तेव्हा पाहिलं, की या घरात आधी पुरुष जेवतात, मग बाया. पण सकाळी शाळेला निघताना आत्याबाई मला चुलीजवळ बोलावून तव्यावरची गरम भाकर हातात द्यायच्या. "खाऊन घे वं. दिवसभर उभं राहा लागते तुले." स्वतः मात्र सगळ्यांचं झाल्यावर, जे उरेल ते, गार झालेलं खायच्या. मी काही म्हटलं तर, "मले असंच बरं वाटते," एवढंच उत्तर.

तीन-एक वर्षांपूर्वी त्यांचं खाणं कमी झालं. दोन घास घेतले की पोट भरलं म्हणायच्या. छातीत जळजळ, कधी मळमळ. पित्त आहे म्हणून गोळ्या घ्यायच्या. त्यांचे ब्लाउज सैल व्हायला लागले, म्हणून मी शिवणी आत घेऊन दिल्या. मग एकदा बाजारात भाजी मोजता मोजता त्यांना चक्कर आली, तेव्हा आम्ही त्यांना बुलढाण्याला नेलं. रक्त फारच कमी निघालं.

डॉक्टरांनी विचारलं, "जेवण जातं का नीट?"

"जाते ना. बरोबर जाते," आत्याबाई म्हणाल्या.

मामाजी दाराशी उभे होते. माझ्या सासऱ्यांचं दिवसभराचं बोलणं बोटांवर मोजण्याइतकं. ते तिथूनच म्हणाले, "खोटं सांगून राह्यली, साहेब. चतकोर भाकर खाते. दिवाळीपासून असंच चालू हाये."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आपलं जेवून हात धुऊन बाहेर जाणारा हा माणूस नंतर जेवणाऱ्या बायकोच्या ताटाकडे लक्ष ठेवून होता, हे मला त्या दिवशी कळलं. आत्याबाईंनाही तेव्हाच कळलं असावं. त्या पदराशी चाळा करत राहिल्या.

तोंडातून दुर्बीण घालून तपासणी झाली. जठराच्या खालच्या भागात व्रण दिसला, त्याचा तुकडा तपासायला गेला आणि तो कॅन्सर निघाला. नवऱ्याचं म्हणणं, आईला नुसती गाठ आहे असं सांगू. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधताना आत्याबाईंनी मलाच विचारलं, "कॅन्सर हाये ना वं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "हो," म्हटलं. "जठरात आहे. पण बाकी कुठं पसरलेला दिसत नाही, असं डॉक्टर म्हणतात. ऑपरेशन करता येईल."

त्यांनी हातातली जुडी पुरी बांधली. मग म्हणाल्या, "मंग हे बी बांधू लाग. उद्या बाजार हाये."

ऑपरेशन संभाजीनगरला करायचं ठरलं. आधी काही आठवडे केमोच्या सलाईन, मग ऑपरेशन, मग उरलेली केमो. सर्जन बाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं, की पोट मोठं चिरायचं नाही. चार-पाच लहान छिद्रं पाडून एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून अवजारं घालायची. जठराचा खालचा मोठा भाग आणि त्याच्या आजूबाजूच्या, आजार जिथं लपू शकतो त्या गाठी काढून घ्यायच्या आणि उरलेल्या जठराला आतडं जोडायचं.

"म्हंजे लहान ऑपरेशन हाये," मामाजी म्हणाले.

"नाही, बाबा. बाहेरून लहान दिसतं. आतलं काम पोट उघडून करतात तेवढंच मोठं आहे. फायदा असा, की दुखणं कमी राहतं, पेशंट लवकर उठून चालतो. आणि आत गेल्यावर अडचण आली तर पोट उघडावंही लागेल, तेही आत्ताच सांगते. आजार परत येणार नाही, असा शब्द मात्र मी देऊ शकत नाही. त्यासाठी पुढं तपासत राहावं लागेल."

हे सगळं स्पष्ट सांगितलं म्हणून आत्याबाईंचा त्यांच्यावर विश्वास बसला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पोरगी गोडगोड बोलत नाही. बरं हाये."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सकाळपासून दुपार टळेपर्यंत बाकावर बसून होतो. मग आतून बोलावणं आलं, एका नातेवाइकानं यावं म्हणून. मामाजी गेले. काढलेला भाग ट्रेमध्ये ठेवून दाखवतात, तो दाखवला त्यांना. बाहेर आले आणि बाकावर बसले. नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणे?" तर, "झालं. पोट उघडा नाही लागलं. पाणी दे," इतकंच बोलले.

दुसऱ्या दिवशीच नर्सनं आत्याबाईंना उभं केलं. नाकात नळी, पोटातून एक नळी, अंगात दवाखान्याचा झगा. "हे काय झबलं घातलं मले," म्हणून त्यांनी त्या अवस्थेतही तोंड वाकडं केलं. नर्सचा हात धरून त्या व्हरांड्यात चालायला लागल्या. नळीची पिशवी हातात सांभाळत मामाजी मागून चालत होते. खाटेवर परत बसल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "म्या समजली होती, महिनाभर उठनं नाही होत." त्यांचा चेहरा घामेजला होता, पण खुशीत होता.

आठवड्यानंतर घरी आलो. गल्लीतल्या बाया भेटायला येऊ लागल्या. प्रत्येकीला पोट पाहायचं होतं. एक म्हणाली, "आगं बाई, एवढंसंच? माह्या सिझरले याच्याहून मोठं कापलं होतं." दुसरीनं तर तोंडावरच विचारलं, "काढलं ना पन खरंच?"

त्या गेल्यावर आत्याबाई अस्वस्थ झाल्या. संध्याकाळी मामाजी शेतातून आले तेव्हा त्यांनी विचारलं, "अहो, तुमी पाह्यलं होतं ना? निंघालं काय खरंच?"

"हाव. पाह्यलं."

"केवढं होतं?"

मामाजींनी पंजा पसरून दाखवला. "एवढं. मंधात गाठ होती, घट्ट."

"मंग मले सांगतलं काऊन नाही येवढे दिवस?"

मामाजी थोडा वेळ पायाची माती झटकत राहिले. मग म्हणाले, "तुहं होतं ना ते. मले नाही बोलता आलं."

 आत्याबाईंनी उठून त्यांना पाणी दिलं.

जखमा लहान असल्यामुळं आपलं फार काही झालंच नाही, असं मग त्यांनाही वाटू लागलं. भेटायला आलेल्या बहिणीनं वाटीभर शिरा केला, तो त्यांनी तिच्या मनाखातर सगळा खाल्ला. थोड्याच वेळात घाम फुटला, छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली. "मी चालली वं," म्हणून त्यांनी माझा हात धरला. मी घाबरून दवाखान्यात फोन लावला. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी शांतपणे सांगितलं, की आडवं करा, थोड्या वेळानं उतरेल. जठर आता लहान उरलंय, गोड पदार्थ तिथं न थांबता सरळ आतड्यात जातो, म्हणून असं होतं. थोडं थोडं खायचं, दर दोन-अडीच तासांनी, चावून चावून. गोड कमी. पाणी जेवताना नाही, नंतर. खरंच, तासाभरात त्या उठून बसल्या आणि बहिणीला म्हणाल्या, "शिरा चांगला झाला होता पन."

थोडं थोडं खायचं, हेच सगळ्यात अवघड होतं. भूक तर लागतच नव्हती. शिवाय दर दोन तासांनी खायचं म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आधी खायचं. जन्मात त्यांनी ते केलं नव्हतं. "घरचे मानसं उपाशी अन् मी बकाबका खाऊ?" मी शाळेत जाताना डबे भरून ठेवायची, परत आले की रिकामे दिसायचे. नंतर कळलं, वरण-भात कुत्र्याला जात होता. त्यातच उरलेली केमो चालू झाली आणि तोंडाची चव गेली. वजन उतरत गेलं. सर्जन बाईंनी काट्याकडं पाहून सरळ सुनावलं, "आई, माझं काम मी केलं. आता तुम्ही खाल्लं नाही तर त्याचा काय उपयोग?"

मी समजावलं, नवरा चिडला, काही फरक पडला नाही. मग एका रविवारी, दहा-साडेदहा वाजता, मामाजी शेतातलं काम टाकून घरी आले. कधी स्वयंपाकघरात पाय न ठेवणारा माणूस आत आला, फळीवरून दोन वाट्या काढल्या आणि माझ्यापुढं धरल्या. "वाढ. दोघाईले."

आत्याबाई म्हणाल्या, "तुमाले कायले आता? जेवाले टाईम हाये."

"मी खातो, तू बी खा. मंग त मानसाच्या आधी होत नाही ना?"

आत्याबाईंना हसू आवरेना. पोट दाबून धरून हसल्या आणि खाली बसल्या. दोघांनी समोरासमोर बसून मुगाची मऊ खिचडी खाल्ली. आत्याबाईंचे चार घास होईस्तोवर मामाजी एकेक शीत वेचत होते.

त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. सकाळी, दुपारी, चार वाजता, दिवेलागणीला मामाजी हजर. शिवाय त्यांची नेहमीची दोन जेवणं होतीच. काही महिन्यांत आत्याबाईंचं वजन उतरायचं थांबलं आणि मामाजींच्या सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली. पुढच्या तपासणीला सर्जन बाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "बाबा, ऑपरेशन यांचं झालंय ना?"

मग देऊळगाव राजाला नात्यातलं एक लग्न निघालं आणि मामाजींना दोन दिवस जावं लागलं. मला धास्ती होती, की आता सगळं पूर्वीसारखं होणार. शाळेला सुट्टी होती, मी दळण निवडत बसले होते. साडेदहाच्या सुमारास आत्याबाईंनी आपली आपण वाटी घेतली आणि उंबऱ्याजवळ उजेडात बसून जेवायला लागल्या. तेवढ्यात माझा नवरा गॅरेजमधून आला आणि "भूक लागली, वाढ," म्हणून ओरडला.

आत्याबाईंनी घास चावून पुरा गिळला. "थांब बे जरासा," म्हणाल्या. "माय जेवून राह्यली."

तो तिथंच हात पुसत उभा राहिला. मग खाली बसून आईचं होईपर्यंत वाट पाहिली.

आता त्यांना ठरलेल्या दिवसांनी व्हिटॅमिनचं इंजेक्शन लागतं. ताकद पूर्वीची नाही, बाजारात अर्धा दिवसच बसतात. सैल ब्लाउज आवळायचे सोडून आम्ही नवीन मापाचे शिवून घेतले. स्कॅनची तारीख जवळ आली की त्या सगळे डबे काढून घासतात, आणि मामाजी विनाकारण विहिरीकडं चकरा मारतात. सर्जन बाई म्हणतात, अजून काही वर्षं तपासत राहायचं. आम्ही राहतो.

मागच्या महिन्यातलाही स्कॅन चांगला आला. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी होते. बस घाट उतरत होती. त्यांनी फोन मागून घेतला आणि शेजारणीला मोठ्यानं सांगितलं, "हाव, बरं हाये सगळं. ऐक ना, वांग्याची रोपं वाटून टाकू नोको सारी. दोन वाफ्यापुरती माह्यासाठी ठेव, सकाळीच येतो न्याले."