सगुणाबाईंच्या दाराची कडी

दुपारी जेवून मी चटईवर आडवी होते. बाहेर माझी लेक कावेरी दोरीवरचे कपडे काढून झटकतेय. डोळे मिटतात. कपड्यांचा फटफट आवाज लांब लांब होत जातो, पेटीच्या भात्यासारखा होतो, आणि पेटीमागं सगुणाबाई बसलेल्या दिसतात. त्यांना जाऊन आज अकरा दिवस झालेत.

बार्शीच्या आमच्या शाळेतला गाण्याचा वर्ग आहे. पण बाकांवर मुली नाहीत, बायका बसल्यात. एकीचा मोडलेला हात गळ्यातल्या झोळीत, एकीच्या डोळ्याखाली काळंनिळं. बाई तरुणपणी नाटक कंपनीत पेटी वाजवायच्या, नंतर तीस वर्षं त्यांनी आम्हा मुलींना गाणं शिकवलं, आणि मार खाऊन घर सोडलेली कुठलीही बाई त्यांच्या दोन खोल्यांत येऊन राहायची. दवाखान्यात, कोर्टात बाई तिच्यासोबत जायच्या. संध्याकाळी मात्र तिला गायला बसवायच्याच.

"आवाज गळ्यातून नको, पोटातून काढा," त्या आताही सांगतायत. "अंगावर हात उचलला तर तिसऱ्या गल्लीत ऐकू गेलं पाहिजे."

बायका सा लावतात. मीही तोंड उघडते. आवाज येत नाही.

"द्वारके, तू अजून गप्पच," बाई म्हणतात.

मी बसलेय ते बाक एसटीतलं आहे. मांडीवर तीन वर्षांची कावेरी. माझ्या कानातून रक्त येतंय, कारण भारतनं, माझ्या नवऱ्यानं, वरवंटा फेकून मारलाय. कंडक्टर तिकीट देतो आणि नजर वळवतो. मी पायरी उतरते ती बाईंच्या बाहेरच्या खोलीत. पाठोपाठ दारात भारत उभा. हातात ऊस तोडायचा कोयता. बावीस वर्षांपूर्वी उभा होता तसाच.

"तिला बाहेर काढा," तो म्हणतो.

"ती येणार नाही. कोयता खाली ठेव, मग बोलू."

पहिला घाव पेटीवर बसतो. पट्ट्या उडून भिंतीवर आदळतात. मी कावेरीला उचलते, आतल्या खोलीत पळते आणि कडी लावते. बाई बाहेर. भारत बाहेर.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना वाटतं, दार बाईंनीच बाहेरून ओढून घेतलं. पोलिसांना मी तसंच सांगितलं होतं. बाईंनी ते कधी खोडलं नाही.

मी फटीतून बघते. कोयता चौकटीत रुततो, भिंतीचा पोपडा उडवतो, मग मऊ कशात तरी जातो. बाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं उंबऱ्याशी पडतात. त्या ओरडतात, अगदी पोटातून. आता गल्ली धावत येईल, तेव्हा आली होती तशी. पण कुणीच येत नाही. घाव पडतच राहतात.

वळून बघते तर बाई माझ्यामागं ज्वारीच्या डब्यावर बसल्यात. हाताला पदर गुंडाळलाय. पदर लाल होत चाललाय.

"तुम्ही आत कशा? कडी लावलीय मी."

"मेलेल्या माणसाला कसली कडी?"

"त्या दिवशी तुम्हाला कडी ऐकू आली होती?"

"आली."

"राग आला?"

"आला ना. दवाखान्यात आठ दिवस तुझं तोंड बघवत नव्हतं. मग डाव्या हातानं पेटी शिकायला घेतली. पुढं रागवायला सवड झाली नाही."

"मी उघडायला हवं होतं, बाई."

"हवं होतं," बाई म्हणतात. माझी समजूत काढत नाहीत. "पण कडी वाजली तेव्हा पोर सुटली, एवढं कळलं. म्हणून मला त्याचा हात धरायचं सुचलं. दोन्ही खरं आहे." त्या कान देतात. "थांबला नाही तो अजून."

दार हादरतंय. मी कावेरीला त्यांच्या मांडीवर ठेवते आणि कडी काढते.

भारतचा हात वर गेलाय. मी पोटातून ओरडायला बघते, पण आवाज नाहीच. मग मी त्याच्या मनगटाला चावते. कातडी फाटते. तोंडात गरम, खारट रक्त येतं, दात हाडाला लागतात. तो माझं डोकं चौकटीवर आपटतो, पुन्हा आपटतो. मी सोडत नाही. कोयता फरशीवर पडतो.

"धरून ठेव," मागून बाई वर्गातल्या आवाजात सांगतात. "अजून एक आवर्तन."

"आई, सोड. आई, अगं सोड."

कावेरी माझा जबडा दोन्ही हातांनी धरून हलवतेय. ऊन अजून अंगणातच आहे. माझ्या डाव्या मनगटावर दातांचा अर्धगोल खोल उमटलाय आणि त्यातून रक्त चटईवर ठिबकतंय.

"हे कसं झालं?" ती विचारते.

भारतच्या घरी असताना कुणी वळ बघून विचारलं की मी म्हणायची, पडले. आताही तोच शब्द आधी ओठांवर येतो.

"मीच चावले," मी म्हणते.

ती ओढणी मनगटाला गच्च बांधते आणि रिक्षा आणायला उठते. मी तिचा हात धरून तिला खाली बसवते.

"नंतर जाऊ. तुझा बाप कोयता घेऊन आला होता ना, त्या दिवशीचं आधी ऐक. मी सगळ्यांना खोटं सांगितलंय."